अंतर्गत तबकडीविना गृहसंगणकाचा आरंभ

मावळच्या घाटमाथ्यावर लोणावळा, वलवण व शिरवटा येथील जलाशयांत पावसाचे पाणी साठविले जाते. वीज मात्र सुमारे ५०० मीटर खाली, १९१५ साली सुरू झालेल्या खोपोलीच्या केंद्रात निर्माण होते. साठा एका स्थळी आणि कार्य दुसऱ्या स्थळी, ही योजना या परिसरास सुपरिचित आहे. घरात चित्रपट व संगीत यांकरिता ठेवलेल्या लहान संगणकाची रचनाही याच तत्त्वावर करता येते.

अशा संगणकातून फिरती तबकडी, म्हणजेच हार्ड डिस्क, वगळण्यास सबळ कारणे आहेत. साडेतीन इंची तबकडी फिरत असता साधारणतः ५ ते ८ वॅट वीज घेते. रास्पबेरी पायसारखा एकफलकी संगणक जवळजवळ तेवढ्याच विजेवर सबंध चालतो. तबकडीची घरघर रात्रीच्या शांततेत विशेष जाणवते. शिवाय पावसाळ्यात वीज अकस्मात खंडित झाल्यास, लेखन चालू असलेल्या साठ्यावरील फायली बिघडण्याचा संभव असतो.

मग साठ्यावाचून संगणक सुरू कसा होतो? वीज मिळताच प्रोसेसर एका छोट्या स्थायी स्मृतीतील सूचना वाचू लागतो. मुख्य कार्यप्रणाली शोधून ती कार्यस्मृतीत आणणे, हे त्या सूचनांचे एक प्रमुख काम होय. इंटेलने पुरस्कारिलेल्या पी.एक्स.ई. पद्धतीत संगणक प्रथम घरातील जाळ्यावर विचारणा करतो. डी.एच.सी.पी. सेवा त्यास अंकरूप पत्ता देते व आरंभीची फाइल कोणत्या यंत्रावर आहे, हे कळविते. टी.एफ.टी.पी. या साध्या पद्धतीने ती फाइल व लिनक्सचा गाभा आणला जातो. त्यानंतर एन.एफ.एस.च्या साहाय्याने दूरच्या यंत्रावरील फायली जणू स्वतःच्याच असल्याप्रमाणे वापरता येतात. २०१६ च्या रास्पबेरी पाय ३ पासून अशी सोय अल्प किमतीच्या यंत्रांतही आली.

तथापि साठा येथे नाहीसा होत नाही, केवळ स्थलांतर करतो, हे विसरता कामा नये. सर्व्हर अहोरात्र चालणार असेल, तर त्याची वीजही हिशेबात धरली पाहिजे. तो बंद पडल्यास घरातील सर्व संगणक निरुपयोगी ठरतात. यास्तव इन्व्हर्टरची जोड प्रथम त्यास द्यावी आणि कार्यप्रणालीच्या फायली केवळ वाचनापुरत्या खुल्या ठेवाव्यात. आरंभीच्या सूचनांना बिनतारी जाळे बहुधा वापरता येत नसल्याने तारेची जोडणीही आवश्यक असते.

तात्पर्य, घरात असा एकच संगणक असल्यास सर्व्हरचा खटाटोप व्यर्थ होय. पेनड्राइव्हवरील कार्यप्रणाली आरंभी एकदा कार्यस्मृतीत उतरवून घेतली, म्हणजे शांतता व विजेची बचत दोन्ही साधतात. दोन-तीन खोल्यांत संगणक असतील आणि चित्रपटांचा संग्रह सामायिक असेल, तेव्हाच दूरस्थ साठ्याची योजना सार्थ ठरते.