व्हीपीएन, टॉर आणि तलासरीचा टॉवर

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई कडकडीत बंद झाली. पालघरच्या एका २१ वर्षांच्या मुलीने त्या बंदवर सवाल करणारी पोस्ट फेसबुकवर टाकली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. जमावाने मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला, आणि १९ तारखेला पोलिसांनी अटक केली ती या दोघींना. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. या प्रकरणात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम पुढे श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्दच केलं.

पालघर सोडलं की उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड ही पुढची स्टेशनं. इतक्या जवळ घडलेली गोष्ट विसरली जात नाही. ‘व्हीपीएन आणि टॉर दोन्ही एकदम लावलं, तर कोणाला काही कळणार नाही ना?’ हा प्रश्न इकडच्या कॉलेजच्या पोरांकडून आला, तर तो उगाच आलेला नसतो. पण त्या दोघींच्या बाबतीत यातलं काहीही उपयोगी पडलं नसतं. पोस्ट स्वतःच्या नावाच्या खात्यावर होती. ही साधनं वाट लपवतात. दारावर लावलेली पाटी लपवत नाहीत.

व्हीपीएन लावलं की मोबाइल कंपनीला फक्त एवढंच दिसतं, की तुम्ही अमुक एका सर्व्हरशी बोलताय. पुढे कोणती साइट उघडली, हे तिला दिसत नाही, पण व्हीपीएनवाल्याला ते दिसू शकतं. म्हणजे विश्वास एका कंपनीवरून उचलून दुसरीवर ठेवला, इतकंच. प्युअरव्हीपीएन ही कंपनी नोंदी ठेवत नसल्याचं सांगायची. २०१७मध्ये तिच्याच नोंदींवरून अमेरिकी तपासयंत्रणा एका आरोपीपर्यंत पोचली. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ला आदेश काढला, की व्हीपीएन पुरवठादारांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, आयपी आणि सेवा घेण्याचं कारण पाच वर्षं जपून ठेवावं. कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनना त्यातून वगळलं. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच उचलले.

टॉरची घडण वेगळी. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकाच्या मध्यावर ही कल्पना निघाली. संदेशाला कांद्यासारखे पापुद्रे चढवायचे आणि तीन वेगवेगळ्या संगणकांमधून तो पाठवायचा. पहिल्याला तुम्ही कोण ते कळतं, पण कुठे चाललात ते कळत नाही. तिसऱ्याला मुक्काम कळतो, माणूस कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांनी पॉल सायव्हरसन यांच्याबरोबर टॉर उभं केलं, आणि नौदलाने ते सगळ्या जगाला खुलं होऊ दिलं. यात औदार्य नव्हतं, हिशेब होता. फक्त नौदलच वापरणार असेल, तर वापरणारा प्रत्येक जण नौदलाचाच माणूस ठरला असता! गर्दी असेल तरच माणूस लपतो.

आणि डहाणू-तलासरीसारख्या लहान गावांची खरी अडचण इथेच आहे. डिसेंबर २०१३मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टळावी म्हणून टॉरवरून बॉम्बच्या धमकीचे मेल पाठवले. टॉर कोणी फोडलं नाही. मेल टॉरवरून आलेत हे दिसत होतं; त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवर टॉर कोण वापरत होतं, एवढंच तपासलं. गडी सापडला आणि कबूलही झाला. तिथे हजारो विद्यार्थी होते, तरी ही गत. रात्री अकराला अख्ख्या तलासरीत टॉर वापरणारे असे कितीसे असणार?

म्हणून आधी व्हीपीएन आणि त्यातून टॉर, या क्रमाला लहान गावात थोडा अर्थ आहे. मोबाइल कंपनीला व्हीपीएन दिसतं, टॉर दिसत नाही. मात्र व्हीपीएनवाल्याला दिसतं, की हा गिऱ्हाईक टॉरकडे जातोय. तेच काम टॉरचे ‘ब्रिज’ फुकटात करतात. स्नोफ्लेक हा त्यातलाच एक, आणि टॉर ब्राउझरच्या सेटिंगमध्येच तो मिळतो. त्यामुळे पैसे भरून व्हीपीएन घेण्याआधी मी तो वापरून पाहायला सांगेन.

उलटा क्रम, म्हणजे आधी टॉर आणि मग व्हीपीएन, हा मात्र शुद्ध अडाणीपणा. तुमची सगळी ये-जा पुन्हा एकाच कंपनीच्या हातात येते, तीही ज्या खात्याचे पैसे तुम्ही यूपीआयने भरलेत त्या खात्यावर. दोन कुलपं लावली म्हणून सुरक्षितता दुप्पट होत नाही. नेमकं काय करतोय हे पक्कं ठाऊक नसेल, तर दोन्ही एकत्र करू नका, असंच टॉर प्रकल्पाचंही सांगणं आहे.

एकट्या टॉरलाही भोक आहे. २००७मध्ये डॅन एगरस्टॅड या स्वीडिश तरुणाने टॉरच्या शेवटच्या टोकाचे पाच संगणक स्वतः चालवले आणि तिथून उघड्याने जाणारे सरकारी ईमेलचे पासवर्ड गोळा केले. त्यात भारतीय वकिलातींचेही होते. पापुद्रे शेवटच्या टप्प्यावर सोलले जातात. साइटचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ नसेल, तर आतला मजकूर तिथे उघडा पडतो. 

आता टॉवरचं. आच्छाडची हद्द ओलांडली, की गुजरातेत स्वागत करणारा मेसेज येतो. फोन कोणत्या टॉवरला चिकटलाय, हे कंपनीला ठाऊक असल्याशिवाय तो येईल कसा? सिम तुमच्या कागदपत्रांवर निघालेलं असतं. व्हीपीएन किंवा टॉर हा माग पुसत नाही.

मग हा खटाटोप कोणासाठी? डहाणूजवळच्या वाढवण बंदराबद्दलची कागदपत्रं पत्रकाराला द्यायची असलेल्या माणसासाठी. न्यूयॉर्क टाइम्स आणि गार्डियनसारखी वृत्तपत्रं अशी कागदपत्रं सिक्युअरड्रॉपमधून, टॉरवरूनच घेतात. घरच्या जाचाबद्दल मदत शोधणाऱ्या बाईसाठी, किंवा आजाराचं नाव घरात काढता न येणाऱ्या पोरासाठी. गैरवापर करणारेही आहेतच. पण भारतात टॉर किंवा व्हीपीएन वापरणं हा मुळात गुन्हा नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत मात्र दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने व्हीपीएनवर बंदी आली होती.

टॉर ब्राउझर टॉर प्रकल्पाच्या अधिकृत साइटवरूनच घ्या; अँड्रॉइडवरही तो आहे. त्यात फेसबुक किंवा जीमेलच्या स्वतःच्या खात्यात लॉगिन करू नका. बँकेच्या कामाला तो वापरू नका. आणि फुकटच्या व्हीपीएन ॲपपासून चार हात लांब राहा: २०१६च्या एका अभ्यासात अँड्रॉइडची २८३ व्हीपीएन ॲप तपासली, तेव्हा ३८ टक्क्यांमध्ये घातक सॉफ्टवेअरच्या खुणा सापडल्या आणि १८ टक्के ॲप तर मजकूर सांकेतिक करतच नव्हती. असं एखादं तुमच्या फोनमध्ये असेल, तर हा अंक खाली ठेवण्याआधी ते काढून टाका.