मलिद्याचं ताट

आमच्या हिंगोलीकडे मलिदा म्हणजे पोळी कुस्करून गूळ कालवलेला, दर्ग्यावर चढवायचा. रायगडातल्या बेने इस्राएल ज्यूंचा मलिदा पोह्यांचा. नवस फेडायचा असो, लग्न असो की नवं घर, मलिदा व्हायलाच हवा. पोहे भिजवून त्यांत ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, बदाम, मनुका कालवायच्या, ताटात त्याची रास करायची, भोवती पाच फळं मांडायची, वर गुलाबाच्या पाकळ्या. मग संदेष्टा एलियाहू हनबीचं गीत हिब्रूत होतं. झाडाच्या फळाला एक आशीर्वचन, मातीत उगवलेल्याला दुसरं. शेवटी सगळ्यांच्या ओंजळीत प्रसाद.

बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात अन्नार्पणाचा विधी आहे. सपीठ, त्यावर तेल आणि ऊद. याजकानं त्यातलं मूठभर वेदीवर जाळायचं, उरलेलं याजकांनी खायचं. मीठ हवंच; खमीर आणि मध वेदीवर चालत नसे. बेने इस्राएल मलिद्याचा धागा या अर्पणाशी जोडतात, आणि मला तो खरा वाटतो. गोडाला मज्जाव असलेलं अर्पण इथं साखरेत भिजलं, वेदीऐवजी पाहुण्यांच्या हाती गेलं, तरी देवानं दिलेल्या धान्यातलं आधी त्याच्यापुढे ठेवायचं, ही रीत सुटली नाही.

सन 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि बळी थांबले. इकडे कोकणात बेने इस्राएल तेलाचा घाणा चालवत. शनिवार ज्यूंच्या विश्रांतीचा, तेव्हा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी या समाजाचं पहिलं सिनेगॉग 1796 साली बांधलं. तोवर सगळं धर्मकार्य घरातच चाले.

सणांची नावंही घरातलीच. वर्षारंभ तो नव्याचा सण, पुढे खिरीचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस तो दारफाळणीचा, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनबीचा रथ टेकला अशी श्रद्धा आहे. तिथल्या खडकावर त्याच्या खुणा दाखवतात. तिथल्या उत्सवाला जुनी माणसं उरूस म्हणत.

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीच्या उपासाचं नाव. तो मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस. वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा, की झालं बिरडं. त्या दिवसाला ते बिरड्याचा रोजा म्हणत.