वडील कोमात, चेकबुक कपाटात

दुकान वडिलांच्या नावावर, करंट खातं त्यांचं, सही त्यांची. उद्या त्यांची शुद्धच हरपली, तर माल उचलायला पैसे कुठून काढणार?

"सर, मुखत्यारपत्र केलंय ना!" थांबा. भारतीय करार कायदा 1872, कलम 201: देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच कागद निकामी! नॉमिनीचा हक्कही मृत्यूनंतरच. मग उरतं हायकोर्ट. घटनेच्या कलम 226 खाली अर्ज करून पालक नेमून घेता येतो, पण वकील, वैद्यकीय तपासणी, तारखा... तोवर पुरवठादार थांबतोय होय?

म्हणून वडील धडधाकट असतानाच फर्म भागीदारीत करा आणि खात्यावर तुमचीही सही चालेल असं लिहून घ्या. पॅन, जीएसटी नंबर नवे लागतील. तो त्रास आत्ता परवडतो.

उपचारांचं वेगळं. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने लिव्हिंग विल मान्य केलं. 2023 पासून ते दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. बरं होण्याची आशाच नसेल तेव्हा व्हेंटिलेटर हवा की नको, आपल्या वतीने कोण बोलणार, हे वडिलांनीच लिहायचं. विषय काढणं जड जातं, खरंय. जीएसटीची फाइल घेऊन दोघं बसाल, त्याच दिवशी काढा.