दोडामार्गच्या सकाळींसाठी सुती कार्डिगन

दोडामार्गात फेब्रुवारी-मार्चची सकाळ थंडीची असते आणि दुपार उन्हाळ्याची. तिळारीच्या खोऱ्यात पहाटे धुकं उतरतं, काजूच्या मोहरावर दव असतं, रबराच्या बागांत चीक काढणारी माणसं उजाडायच्या आत कामाला लागलेली असतात. साडेसहाच्या सुमारास गोव्याच्या रस्त्यावर दुचाक्या सुरू होतात. डिचोलीला, म्हापशाला, पणजीला नोकरीसाठी जाणारी ही मुलं-मुली. वारा थेट छातीवर बसतो. त्यांतलीच एखादी मुलगी साडेदहाला कामावर घामाने भिजलेली असते. या चार तासांसाठी अंगावर काय घालायचं, हा इथला खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर दुकानात टांगलेल्या स्वेटरांत सापडत नाही.

शेजारच्या काकींची नात अशीच रोज गोव्याची सीमा ओलांडते. तिच्यासाठी पुढून उघडणारं, बटणांचं कार्डिगन विणायचं ठरलं, तेव्हा नमुना निवडण्याचं काम मी त्यांच्या पडवीत बसून पाहिलं. विणायला लागणारे कष्ट सगळ्यांना दिसतात. निवडीतले कष्ट कुणी पाहत नाही, आणि कपडा वापरात राहणार की कपाटात जाणार हे तिथेच ठरतं.

काकींकडे हिंदी मासिकांचे जुने बुनाई विशेषांक आहेत, शिवाय नातीच्या फोनमधले फोटो. विशेषांकांतले बहुतेक नमुने दिल्ली-पंजाबच्या हिवाळ्यासाठी बेतलेले असतात: बंद गळा, जाड लोकर, समोर पिळाच्या दोन-तीन उभ्या वेण्या. नातीला त्यातलाच एक आवडला होता. काकींनी फोटो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"दिसता बरा. पण धा वाजल्यार ह्या आंगार रवतला काय?"

पिळाची वीण टाके एकमेकांवर चढवते, म्हणून तिथे कापड दुप्पट जाड होतं आणि सूतही जास्त खातं. थंडीत हाच तिचा गुण. इथे तो दोष ठरतो. नमुना वाईट नव्हता, तो दुसऱ्या हवेसाठी लिहिलेला होता.

"आदी सूत बघ, मगे फोटो," असं म्हणून त्यांनी अंक मिटला.

दुकानात लोकर म्हणून मिळते ती बरीचशी अॅक्रिलिक असते. ती स्वस्त, रंगांनी भरलेली, धुवायला सोपी, आणि लहान मुलांच्या टोप्यांना उत्तम. पण अॅक्रिलिक घाम जवळजवळ शोषतच नाही. दमट हवेत ते अंगाला चिकटतं आणि आतला कुर्ता ओला राहतो. खरी लोकर ओलावा शोषते, पण पावसाळ्यात बंद ट्रंकेत तिला कसर लागण्याची भीती. म्हणून सूत. आणि सूत म्हटलं की नमुन्याचे सगळे हिशेब बदलतात. लोकरीचे आकडे तसेच ठेवून सुतात विणायला बसणाऱ्यांची इथेच फसगत होते.

लोकरीला अंगची लवचीकता असते: ताणा, सोडा, ती जागेवर येते. सूत ताणलं की बरंचसं तसंच राहतं. शिवाय ते लोकरीपेक्षा आणि अॅक्रिलिकपेक्षा वजनदार. मध्यम मापाच्या कार्डिगनला साधारण ४०० ग्रॅम सूत लागतं आणि ते सगळं वजन खांद्यांवर लोंबतं. त्यामुळे वरून खाली एकसंध विणायचं, बिनशिवणीचं रॅग्लन, जे हल्ली फार लोकप्रिय आहे, ते काकींनी बाजूला ठेवलं. रॅग्लन विणता विणता अंगाला लावून बघता येतं, ही त्याची मोठी सोय मलाही मोहात पाडते. पण सुताला शिवणीचा आधार लागतो. पाठ, पुढचे दोन भाग आणि बाह्या वेगळ्या विणून जोडल्या की बाजूच्या शिवणी कपड्याला धरून ठेवतात. खांद्याच्या शिवणीला आतून सुती फीत लावली की गळा ओघळत नाही. मला हा निर्णय सोळा आणे पटला.

दुसरी अडचण काठाची. स्वेटरच्या खालच्या काठाला आणि मनगटाला एक सुलट एक उलट अशी पट्टी घालायची सवय आपल्या हातात मुरलेली असते, कारण लोकरीत ती पट्टी आवळून बसते. सुतात ती काही धुण्यांत सैल पडते आणि काठ झालरीसारखा पसरतो. मग काठाला पट्टी लागणारच नाही अशी वीण हवी, आणि तिच्यातून वाराही खेळायला हवा.

अशी वीण आहे. शेटलंड बेटांवर शालींसाठी ती पिढ्यान्‌पिढ्या विणली गेली. काकी तिला नुसतं ‘लाटा’ म्हणतात. १८ टाक्यांचं एक घर, ४ ओळींची आवृत्ती. पहिली ओळ सगळी सुलट, दुसरी सगळी उलट. तिसरीत दोन टाके एकत्र सुलट, असं तीनदा. मग सूत पुढे घेऊन एक सुलट, असं सहा वेळा. पुन्हा दोन एकत्र तीनदा. सहा टाके कमी होतात, सहा वाढतात, संख्या तीच राहते. चौथी ओळ उलट बाजूने सुलट, म्हणजे सुलट बाजूवर एक बारीक वरंबा उठतो. चार ओळींत जाळीची ओळ एकच, त्यामुळे पाठ करायला सोपी. पडवीत गप्पा मारत, दारात आलेल्या माणसाला उत्तर देत विणता येते. टाके जिथे गोळा होतात आणि जिथे पसरतात तिथून काठ आपोआप लाटेसारखा वळतो. खाली वेगळी पट्टी नको.

छाती ३६ इंच, सैलपणा २ इंच, म्हणजे ३८. काकींच्या हाताला या सुतात १० नंबरच्या सुईवर, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या, साध्या विणीत इंचाला ६ टाके येतात. पाठीला १९ इंचांचे ११४ टाके: १८ ची सहा घरं म्हणजे १०८, आणि दोन्ही कडांना शिवणीसाठी तीन-तीन. पुढचा प्रत्येक भाग ५७: तीन घरांचे ५४ आणि शिवणीकडे ३. आकडे इतके जुळले की मला वाटलं झालंच काम. काकी मात्र नमुन्याचा तुकडा विणायला बसल्या. ४२ टाके, दोन घरं आणि कडा. तो धुतला, सपाट पसरून वाळवला, नंतर खाली कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर दांडीवर टांगून ठेवला.

सकाळी मोजला तेव्हा जाळीत इंचाला साडेपाचच टाके होते. अर्ध्या टाक्याचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. २२८ टाक्यांना साडेपाचाने भागा: साडेएकेचाळीस इंच. नातीच्या अंगावर ते पोत्यासारखं लोंबलं असतं. टाके कमी करावेत तर १८ चं घर मोडतं. एक घर काढलं तर पाठ साडेसतरा इंचांची होते. उपाय सुईत होता. जाळी ११ नंबरवर, म्हणजे ३ मिलिमीटरच्या सुईवर विणायची. आपल्याकडच्या जुन्या मापात नंबर वाढला की सुई बारीक होते. दुसरा तुकडा तसा विणून, धुऊन, टांगून मोजला आणि इंचाला ६ आले.

लाटा मुंढ्यापर्यंतच ठेवायच्या, वर साधी वीण आणि १० नंबरची सुई. मुंढ्याला टाके घटवायला लागलं की १८ चं घर अर्धवट तुटतं. जाळीचे टाके आणि घटवायचे टाके यांचा मेळ बसवण्यात चांगल्या विणकरणीही दमतात. शिवाय खांद्यावर पर्सचा पट्टा येणार, तिथे भोकं अडकतात. बटणपट्टी साबुदाणा विणीची, कारण ती सपाट राहते आणि ओघळत नाही. पट्टीचा एक इंच मापात वाढतो, तो काकींनी तसाच राहू दिला. आत कुर्ता असणार. बटणं करवंटीची, हलकी. जड बटणांनी सुताची कड खाली खेचली जाते.

रंगावर नातीचं काही चाललं नाही. तिला पांढरा हवा होता. पण इथे तांबडी माती आहे, आणि मार्चपासून काजूच्या बागेत गेलेल्या कपड्यावर बोंडूच्या रसाचा डाग पडला की तो जन्माचा. मातकट हिरवा ठरला.

हे ज्ञान इथल्या बायकांकडे आलं कुठून, असा प्रश्न मला पडतो. शाळेत मुलींना शिवण-विणकाम असायचं. १९६२ च्या युद्धात देशभर घरोघरी जवानांसाठी स्वेटर विणले गेले. ते सगळं विणकाम हिमालयातल्या थंडीसाठी होतं. कोकणच्या हवेला ते वळवण्याचं काम मात्र पडव्यांमधून झालं, आणि ते बहुतांशी कुठे लिहिलेलं नाही.

काकींची एक वही आहे. प्रत्येक कपड्याला एक पान: सूत कुठलं, सुई कितवी, धुण्याआधी इंचाला किती टाके, धुतल्यावर किती, वर्षभराने लांबी किती वाढली. पानाला तुकडाही टाचलेला. तुमच्या घरात आई, आजी, काकी विणत असेल तर तिच्याकडून अशी वही लिहून घ्या आणि तिची झेरॉक्स काढून विणणाऱ्या दुसऱ्या दोघींना द्या. आणि येत्या शिमग्याला कार्डिगन अंगावर हवं असेल तर तुळशीचं लग्न झालं की टाके घाला, पण त्याआधी तुकडा धुऊन, टांगून मोजा.