चिकित्सालयासाठी अल्पखर्चातील संगणक : निवड व सुधारणा



गेल्या पावसाळ्यात एके सकाळी माझ्या चिकित्सालयातील संगणक सुरूच झाला नाही. आतून टक्‌टक्‌ असा आवाज तेवढा येत होता. हार्डडिस्क निकामी झाली होती आणि तिच्यासोबत सहा वर्षांच्या रुग्णपत्रिकाही गेल्या. त्या परत मिळवून देण्यासाठी सांगितलेली रक्कम नव्या संगणकाहून अधिक होती. आमवाताच्या एका रुग्णाला कोणत्या ऋतूत त्रास वाढला, कोणत्या कल्पाने उपशय मिळाला, ही चार वर्षांची नोंद आता केवळ त्याच्या आणि माझ्या स्मरणात आहे. या प्रसंगानंतर संगणक खरेदीचा जो अभ्यास करावा लागला, तो सभासदांसमोर ठेवीत आहे.

आपले काम ते काय? रुग्णपत्रिका, पावत्या, मराठी टंकलेखन, ई-मेल, क्वचित एखादे ऑनलाइन व्याख्यान. यासाठी महागड्या प्रोसेसरची आवश्यकता नाही. मोठ्या कार्यालयांतून तीन-पाच वर्षांच्या वापरानंतर काढलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर या जातीचे संगणक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, तसेच अन्य शहरांतील संगणक-बाजारात मिळतात. ते दिवसभर चालण्यासाठीच बांधलेले असतात. त्याच किमतीच्या अगदी हलक्या नव्या संगणकापेक्षा मला ते अधिक विश्वासार्ह वाटतात.

मात्र पिढी पाहूनच घ्यावे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य थांबविले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि सामान्यतः इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. पिढी ओळखणे सोपे आहे. ‘आय५-८५००’ यातील ८ हा अंक आठवी पिढी दर्शवितो, ‘आय५-६५००’ ही सहावी आणि ‘आय५-१०४००’ ही दहावी. काही विक्रेते जुन्या यंत्रावर आडमार्गाने विंडोज ११ चढवून देतात. ते चालते, परंतु पुढील अद्ययावतीकरण मिळत राहील याची हमी नसते. सेटिंग्जमधील ‘ॲक्टिव्हेशन’ उघडून विंडोज अधिकृत आहे की नाही, हेही दुकानातच पाहावे.

आता घरी अथवा चिकित्सालयात असलेल्या मंद संगणकाविषयी. येथेही चिकित्सेपूर्वी निदान करावे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक अडखळत असताना ‘डिस्क’ या रकान्यात सतत शंभर टक्के दिसत असेल, तर व्याधीचे स्थान डिस्क होय. ‘मेमरी’ नव्वदीच्या वर राहत असेल, तर रॅम अपुरी आहे. दोन्ही ठीक असूनही ‘सीपीयू’ भरलेला राहतो, असे आपल्या कामात क्वचितच घडते. तरीही लोक प्रोसेसरवरच पैसे घालतात!

डिस्कमुळे एवढा फरक का पडावा, हे समजून घेण्याजोगे आहे. सामान्य हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते. म्हणजे एका फेरीस आठ सहस्रांश सेकंदांहून किंचित अधिक काळ लागतो. शिवाय वाचणारी सुई योग्य जागी सरकावी लागते. त्यामुळे इतस्ततः विखुरलेल्या फाइली तिला सेकंदाला सुमारे शंभरच वेळा वाचता येतात, आणि विंडोज सुरू होताना अशा सहस्रावधी लहान फाइली लागतात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने हेच काम सेकंदाला हजारो वेळा होते. आपल्या कामास २५६ जीबीची साधी साटा एसएसडी पुरते. केबल तीच चालते आणि जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, करून घेता येते. कित्येक मिनिटे घेणारा संगणक यानंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास सुरू होतो, असा माझा अनुभव आहे.

रॅम ८ जीबी असावी. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा भिन्न असल्याने एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही, म्हणून प्रकार पाहूनच खरेदी करावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. तेव्हा पुढे वाढवू असे म्हणण्यापेक्षा मुळातच ८ जीबी असलेले यंत्र घेणे श्रेयस्कर. कार्यालयीन लहान पेटीच्या संगणकांची एक अडचणही सांगितली पाहिजे. त्यांचा वीजपुरवठा-संच बहुधा त्या कंपनीच्या खास मापाचा असतो. तो बिघडल्यास बाजारातील साधा संच बसत नाही. संगणकातील तारीख वारंवार मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल बदलावा. रुग्णपत्रिकेवर चुकीची तारीख पडणे आपणांस परवडणारे नाही.

एसएसडी अमर नाही. हार्डडिस्क पुष्कळदा आवाज करून पूर्वसूचना तरी देते, ही कित्येकदा कोणतेही पूर्वरूप न दाखविता एकाएकी बंद पडते. यास्तव मी आता दर शनिवारी सर्व नोंदी बाह्य डिस्कवर उतरवितो आणि ती डिस्क घरी नेतो, चिकित्सालयात ठेवीत नाही. जीर्ण व्याधींच्या रुग्णांच्या पत्रिका कागदावरही छापून ठेवतो. खेड्यापाड्यांत वीज अवेळी जाते. तेथे ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस संगणक रीतसर बंद करण्यापुरता अवधी देतो.

जुना संगणक विकताना वा भंगारात देताना डिस्क काढून घ्यावी किंवा पूर्णपणे पुसून घ्यावी. फाइली केवळ ‘डिलीट’ केल्याने रुग्णांची माहिती नष्ट होत नाही. माझी ती निकामी डिस्क याच कारणाने अद्याप टेबलाच्या खणात आहे.