आठ लाखांची रेघ

खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फीचा छापील आकडा खराच असतो, पण तो प्रत्येक घराला पूर्ण भरावा लागतो असे नाही. महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्याखालचे शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करते. तिच्यातले किती शासन उचलणार आणि किती घरातून जाणार, हे मुलाचा प्रवर्ग आणि तहसीलदारांकडून मिळणारा उत्पन्नाचा दाखला या दोन गोष्टींवर ठरते. म्हणून दाखल्याची धावपळ निकालानंतर नव्हे, एप्रिल-मेमध्येच उरकावी.

खुल्या प्रवर्गासाठी मुख्य आधार आहे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा. पालक आजही तिला ‘ईबीसी सवलत’च म्हणतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम शासन देते. आर्थिक दुर्बल, सामाजिक-आर्थिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना याच मर्यादेत २०२४-२५ पासून ही दोन्ही शुल्के पूर्ण माफ आहेत. मात्र प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला किंवा खासगी अभिमत विद्यापीठाला ही सवलत लागू नाही. घाईत कोट्याची जागा पक्की करणारे पालक फीचा हा अर्धा भाग स्वतःच्या हाताने सोडून देतात, याचे फार वाईट वाटते.

ही मर्यादा पायरीपायरीने उतरत नाही, एकदम तुटते. समजा, शिक्षण शुल्क वर्षाला १ लाख आहे. ७ लाख ९० हजार उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला ५० हजार भरावे लागतात आणि ८ लाख १० हजारांच्या घराला पूर्ण १ लाख. उत्पन्नात फरक २० हजारांचा, फीत फरक ५० हजारांचा, आणि तो चार वर्षे चालतो. आयआयटींची रचना मला अधिक न्याय्य वाटते. तिथे १ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर पूर्ण शिक्षण शुल्क माफ होते आणि १ ते ५ लाखांत दोन तृतीयांश.

खरा गोंधळ होतो तो मोजणीत. उत्पन्न म्हणजे हातात पडणारा पगार असा बऱ्याच जणांचा समज असतो. भविष्यनिर्वाह निधी कापला जाण्याआधीचा पगार धरायचा असतो. गृहकर्जाचा हप्ता कितीही मोठा असला तरी तो वजा होत नाही. आई शिवणकाम करत असेल, गावाकडे शेती असेल, दुकानाचे भाडे येत असेल, तर तेही मिळवायचे. नोकरदाराला फॉर्म १६ जोडावा लागतो, शेतकऱ्याच्या बाबतीत तलाठ्याचा अहवाल लागतो. अर्ज सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून करता येतो.

नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रातही ८ लाखांचाच आकडा असतो, पण हिशेब वेगळा. तिथे सलग तीन वर्षांचे उत्पन्न पाहतात आणि त्या उत्पन्नाच्या निकषात पगार व शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. पालकांच्या पदाचा निकष वेगळा तपासतात. आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्रात मात्र पगार, शेती, धंदा सगळे धरले जाते आणि तेही आधीच्या एका आर्थिक वर्षाचे. त्यामुळे एकाच घराला एक प्रमाणपत्र मिळते आणि दुसरे नाकारले जाते. यात कुणाची लबाडी नसते. हातात असलेल्या एका कागदावर दुसऱ्या योजनेचा हिशेब मांडू नये. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मर्यादा तर वेगळीच आहे: भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत, त्यापुढे फ्रीशिप.

गुण चांगले असतील तर शिक्षण शुल्क माफीच्या जागा, म्हणजे टीएफडब्ल्यूएस, नक्की पाहाव्यात. मंजूर जागांच्या ५ टक्के इतक्या या जादा जागा असतात. इथेही ८ लाखांची अट आहे, पण शिक्षण शुल्क सगळे माफ होते. कॅपमध्ये पसंतीक्रम भरताना त्यांचा कोड वेगळा असतो आणि तो निवडला नाही तर ती जागा मिळत नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले हवे. महाविद्यालयाने अर्ज पडताळून पुढे पाठवला की नाही, ते पोर्टलवर पाहत राहावे, आणि दर वर्षी नूतनीकरण करावे.

वसतिगृह, खानावळ, पुस्तके आणि लॅपटॉप यांचा खर्च शुल्क सवलतीत येत नाही, आणि दुसऱ्या शहरात शिकणाऱ्या मुलाचा हाच खर्च अनेकदा फीपेक्षा जड जातो. त्यासाठी शैक्षणिक कर्ज घेता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या विद्यार्थ्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज मिळते. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होण्याआधीच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत आहे, पण दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभ घेणाऱ्याला ती मिळत नाही. उत्पन्न ८ लाखांवर असले तरी कर्ज मिळते, फक्त ही व्याजसवलत मिळत नाही. बँकेत जाताना प्रवेशपत्र आणि चारही वर्षांच्या खर्चाचा महाविद्यालयाने दिलेला लेखी तपशील सोबत न्यावा, आणि त्यात वसतिगृहाचा खर्च धरला आहे का, ते आधी पाहून घ्यावे.