'फेअरी क्वीन' पुन्हा धावली

बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, हे तुम्ही वाचले असेलच. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन एंजिने त्या गाडीला जोडली होती. आज त्यांपैकी एकही पाहावयास मिळत नाही. परंतु त्यांच्यापेक्षा थोडेसेच धाकटे असलेले एक एंजिन आपल्या देशात अद्याप आहे. ते १८५५ साली इंग्लंडातील लीड्स शहरी तयार झाले. ईस्ट इंडियन रेल्वेने त्यावर २२ हा आकडा घातला आणि हावडा ते राणीगंज या मार्गावर त्याला कामास लावले. 'फेअरी क्वीन', म्हणजे पऱ्यांची राणी, हे गोड नाव त्याला पुष्कळ वर्षांनंतर मिळाले.

१९०९ साली हे एंजिन निवृत्त झाले. मग काही काळ ते हावडा स्थानकाबाहेर शोभेसाठी ठेवले होते. पुढे चंदौसी येथील रेल्वेच्या प्रशिक्षण शाळेत गेले आणि शेवटी दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात येऊन विसावले. म्हाताऱ्या यंत्राची गोष्ट बहुधा येथेच संपते. पण १९९७ साली मद्रासजवळच्या पेरंबूर कारखान्यातील कारागिरांनी त्याची डागडुजी केली, त्यात पाणी भरले, भट्टी पेटवली, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षे मुके असलेले ते एंजिन प्रवाशांचे डबे घेऊन दिल्लीहून अलवारच्या दिशेने निघाले! नियमित सेवेत असलेले जगातील सर्वांत जुने वाफेचे एंजिन म्हणून गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणीही विचारील. फेअरी क्वीनचा वेग ताशी चाळीस किलोमीटरांच्या आसपास. आजची विजेची एंजिने त्याला सहज मागे टाकतील. शिवाय वाफेचे एंजिन भारी उधळे! जाळलेल्या कोळशातील उष्णतेचा दहावा भागसुद्धा गाडी ओढण्याच्या कामी येत नाही. उरलेली सारी हवेत जाते. हिशेबाने पाहिले तर हा तोट्याचाच व्यवहार.

पण विजेच्या एंजिनाचे काम एका बंद पेटीत चालते. बाहेरून पाहणाऱ्यास त्यातले काहीच कळत नाही. वाफेच्या एंजिनाचे पोट मात्र उघडे असते. भट्टीतील ज्वाळा नळ्यांतून बॉयलरच्या पाण्यातून जातात. मोकळ्या हवेत एक भांडे पाण्याची सुमारे सोळाशे भांडी वाफ होते. बॉयलरमध्ये तिला पसरावयास जागा नसते, म्हणून ती वाट शोधत नळकांड्यात शिरते आणि दट्ट्याला ढकलते. झडप सरकली की ती दट्ट्याच्या दुसऱ्या बाजूने येते व त्याला परत लोटते. दट्ट्याला जोडलेला दांडा मधले मोठे चाक फिरवतो. काम संपलेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडते, तोच तो 'छुक् छुक्' आवाज. बाहेर पडताना ती भट्टीतील हवा आपल्याबरोबर ओढून नेते, त्यामुळे विस्तव फुलतो. म्हणजे चढावर एंजिन जितके जास्त दमते, तितकी त्याची भट्टी अधिक पेटते. इतकी सुंदर योजना यंत्रांत क्वचितच आढळते.

भट्टीच्या माथ्यावर शिसे भरलेले एक लहानसे बूच असते. बॉयलरमधील पाणी फार कमी झाले की हे शिसे वितळते, पाणी व वाफ भट्टीत घुसते आणि आगवाला सावध होतो. पाण्याकडे दुर्लक्ष झाले तर बॉयलर फुटून माणसे दगावत. म्हणून जुने एंजिन चालवणाऱ्याचे डोळे पाणी दाखविणाऱ्या काचेवर खिळलेले असतात, आणि कान दट्ट्याच्या ठोक्यांकडे लागलेले.

ही विद्या पुस्तकात थोडी आणि हातात जास्त असते. जुन्या एंजिनाचा झिजलेला भाग बाजारात विकत मिळत नाही. त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, साच्यात धातू ओतावा लागतो, मग लेथवर तो कातून बसवावा लागतो. भारतात वाफेची एंजिने बांधणे १९७२ साली बंद झाले. रुंद लोहमार्गावरील नियमित वाफेची शेवटची गाडी डिसेंबर १९९५ मध्ये धावली. फेअरी क्वीनचे काम त्यानंतर दोनच वर्षांत झाले, तेव्हा वाफेवर उमेदवारी केलेले हात अजून कामावर होते. आणखी तीस वर्षे थांबले असते, तर एंजिन असते पण शिकवावयास माणूस नसता.

वेल्समध्ये टॅलिलिन नावाची एक छोटी रेल्वे आहे. पाटीचा दगड खाणीतून वाहून नेण्यासाठी ती बांधली होती. १९५० मध्ये तिचा मालक वारला तेव्हा ती बंदच पडावयाची. पण १९५१ पासून हौशी मंडळींनी ती स्वतः चालविली. आपापला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून ते सुट्टीत येत, रुळांमधील गवत उपटत, स्लीपर बदलत, तेल घालत. पगार कोणासही नव्हता. स्वयंसेवकांनी वाचविलेली ही जगातील पहिली रेल्वे होय.

भाग बदलत गेल्यावर एंजिन जुने कसे राहिले, ही शंका रास्त आहे. वाड्याची कौले बदलली म्हणून वाडा दुसरा होत नाही. पण भिंती, खांब, तुळया सारेच बदलले तर? मला वाटते, काढलेला प्रत्येक तुकडा जपून ठेवावा आणि नव्या भागावर त्याचे साल कोरावे, म्हणजे पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही.

फेअरी क्वीनवर पुन्हा एकदा हा प्रसंग आला. २०११ साली त्याचे काही भाग चोरीस गेले आणि एंजिन पुन्हा मुके झाले. चोरांना त्या भागांत केवळ मोडीची किंमत दिसली असावी. पेरंबूरच्या कारागिरांनी ते भाग नव्याने घडविले, जुळविले. त्यात वर्षे गेली. २०१७ साली दिल्ली छावणी स्थानकातून फेअरी क्वीन रेवाडीकडे निघाली तेव्हा तिच्या धुराड्यातून पुन्हा धूर येत होता.